वय वाढतं तशी शिकाऱ्याची नजर का बदलते?

प्रश्न: आडवाट_कोल्हापूर

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात जुन्या शिकाऱ्यांची शेवटची पिढी अजून आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी ज्यांनी परवान्यावर शिकार केली, ती माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढची. त्यांच्या बोलण्यात एक चढण सारखी दिसते. तरुणपणी किती बार काढले ते, मग केवढं मोठं जनावर पाडलं ते, आणि शेवटी पाणवठ्यावर आलेलं जनावर बघत बसण्यातलंच समाधान.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. हा बदल मनाचा की शरीराचा? यावर कुणी नीट अभ्यास केलाय का? आणि अशा घरांत पडून असलेली बारा बोर बंदूक आणि भिंतीवरची शिंगं, यांचं रीतसर काय करायचं? आठवणी नकोत, पक्की माहिती हवी.

उत्तर: माग_काढणारा

अभ्यास झालेला आहे, पण अमेरिकेत. १९७० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन यांनी तिथल्या हजाराहून जास्त शिकाऱ्यांना प्रश्न विचारून पाच टप्पे मांडले. पहिल्यात बार काढण्यातच मजा असते. दुसऱ्यात परवान्यात जितकी जनावरं मारायची मुभा आहे तितकी पुरी करायची ईर्षा. तिसऱ्यात निवड सुरू होते, मोठ्या शिंगांचाच नर पाहिजे. चौथ्यात पद्धत महत्त्वाची ठरते, म्हणून माणूस मुद्दाम अवघड हत्यार घेतो, जवळ जाऊन मारतो. पाचव्यात जनावर पडलं नाही तरी दिवस वाया गेला असं वाटत नाही. रान, सोबत आणि नव्या पोरांना शिकवणं यात मन रमतं.

हे टप्पे वयाला चिकटलेले नाहीत, अनुभवाला आहेत. पन्नाशीत पहिल्यांदा बंदूक धरणारा पहिल्याच पायरीवर उभा असतो. आणि पायऱ्या आपोआप चढल्या जात नाहीत. माणसाला वर ढकलणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जखमी जनावराचा माग.

बार लागल्यावर रक्त वाचावं लागतं. फिकट गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस. जनावर फार लांब जात नाही. गडद, काळपट लाल म्हणजे बहुधा काळीज, म्हणजे यकृत. हिरवट-तपकिरी, वास मारणारं पातळ म्हणजे पोट फुटलंय. अशा जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते उठून मैलभर जातं आणि कुठल्या तरी करवंदीच्या जाळीत रात्रभर तडफडत मरतं. म्हणून पाच-सहा तास थांबायचं असतं. तो वेळ हातावर हात ठेवून बसणं आणि नंतर गुडघ्यांवर पानापानावरचा थेंब शोधणं, हे ज्याने पुरं केलंय तो पुढच्या वेळी झुडपातल्या अर्धवट दिसणाऱ्या अंगावर बार टाकत नाही. ज्याने माग सोडून दिला, तो म्हातारा झाला तरी पहिल्याच पायरीवर राहतो. माझ्या मते वयापेक्षा हा फरक मोठा आहे.

आपल्याकडच्या पारधीत ही चढण माणसाच्या जागेवरूनच दिसायची. पोरं हाक्याला, म्हणजे जनावर उठवून बैठकीकडे हाकायला, कर्ते बंदूकवाले बैठकीवर, आणि थोरला माणूस वारा बघून बैठका कुठे लावायच्या ते ठरवणारा. हाका बैठकीच्या दिशेने सरकत असताना समोर बार काढायचा नाही, जनावर ओळ ओलांडून मागे गेलं की मगच, हा नियमही तोच पाळायला लावायचा. पारधीतले अपघात बहुतेक हा नियम मोडल्यानेच होतात: समोरच्या झाडीतली हालचाल जनावराची नसते, हाकाऱ्याची असते.

उत्तर: बारा_बोर

वरचं सगळं मान्य, पण शरीराचा भाग फार कमी धरलाय, म्हणून थोडं खोलात सांगतो.

डोळा आधी जातो. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठरतं, जवळचं धूसर होतं. उघड्या साइटच्या रायफलीवर नेम धरायची मागची खाच डोळ्यापासून हातभर अंतरावर, पुढची माशी त्याच्या साधारण दुप्पट लांब, आणि जनावर शंभर मीटरवर. तरुण डोळा या तिन्हींवर झटपट फिरतो. वय झालेल्या डोळ्याला जनावर स्वच्छ दिसतं, पण माशी पसरट आणि खाच नुसती सावली. मग माणूस दुहेरी चष्म्याच्या खालच्या भागातून माशी बघायला मान वर करतो, गाल दस्त्यावरून सुटतो, डोळा वर उचलला जातो. छऱ्याच्या बंदुकीत तर मागची साइट म्हणजे डोळाच, त्यामुळे बार जनावराच्या वरून जातो.

कान त्याच्या पाठोपाठ. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर असतो आणि पूर्वी कानात कापूससुद्धा कुणी घालत नसे. नुकसान ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. बोलणं ऐकू येत राहतं, पण वाळक्या पानांवरची बारीक खसखस आणि किड्यांची किरकिर नाहीशी होते. मचाणावर बसणाऱ्याचा निम्मा आधार कान असतो. तो गेला की जनावर अचानक पुढ्यात उभं राहतं आणि घाईचा बार निघतो.

मग गुडघे. जखमी जनावराच्या मागे घाट उतरायची ताकद नसेल तर बार टाकायचा अधिकार उरत नाही, हे शहाण्या शिकाऱ्याला कळतं. तो आपलं अंतर कमी करत जातो. छऱ्याच्या बारा बोरचा भरवशाचा पल्ला तसाही ३० ते ३५ मीटर. पुढे छरे इतके फाकतात की जनावर मरत नाही, नुसतं जखमी होतं. तरुणपणी ५० मीटरवर टाकलेला बार म्हातारपणी २० मीटरवर येतो आणि शेवटी राहूनच जातो. याला मी मनाचा बदल म्हणेन, पण तो शरीराच्या वाटेने आलेला.

उत्तर: गवा_गणती

दोघांच्याही बोलण्यात कायदा सुटलाय. अमेरिकेत शिकार परवान्यावर चालू आहे, म्हणून तिथे माणूस पाचही पायऱ्या चढू शकतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ही वाट अरुंद झाली आणि १९९१ च्या दुरुस्तीने पुरती बंद झाली. कुणी दुसऱ्या पायरीवर होता, कुणी चौथ्या. सगळ्यांनाच थांबावं लागलं. काहींची हळहळ आजही जात नाही ती यामुळेच असावी.

कोल्हापूर संस्थानात तर चौथी पायरी फार वरच्या दर्जाची होती. चित्त्याकडून काळवीट धरवण्याच्या शिकारीत माणूस बंदूक चालवतच नाही. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून कळपाजवळ न्यायचा, बैलगाडीला हरणं बुजत नाहीत हे हेरायचं, टोपी काढून सोडायचं. धाव थोडक्या अंतराची. तेवढ्यात साधलं नाही तर चित्ता मागे लागत नाही. इथले चित्ते पुढे आफ्रिकेतून आणावे लागले, कारण देशातले संपत आले होते. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. कसब टोकाला पोहोचलं, पण जनावर उरलं नाही.

उलट दाजीपूरचं रान बघा. संस्थानची राखीव शिकारीची जागा होती म्हणून तिथली झाडी टिकली, १९५८ मध्ये तिथे गव्यांचं अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत आलं. पाचवी पायरी एखाद्या माणसाने नव्हे, सगळ्या मुलखाने चढावी तसं हे झालं, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

आजच्या पोरांनी हे टप्पे कॅमेऱ्यावर ओळखावेत. आधी नुसते फोटो काढत सुटणं, मग पक्ष्यांची यादी वाढवणं, मग दुर्मिळाच्या मागे लागणं. इथपर्यंत शिकाऱ्यात आणि फोटोवाल्यात फरक नाही, आणि त्रासही जनावरालाच: धनेशाच्या ढोलीसमोर गर्दी झाली तर नर चारा घेऊन यायला कचरतो आणि आत कोंडून घेतलेली मादी व पिल्लं उपाशी राहतात. पुढची पायरी चढायची तर वन विभागाची बुद्ध पौर्णिमेची मचाणावरची रात्र करावी. अंगाला अत्तर-साबणाचा वास नको, गडद मळखाऊ कपडे, वारा पाणवठ्याकडून आपल्याकडे येईल अशी बाजू, ऊन कलायच्या आत बैठक, टॉर्च बंद. जनावर, संख्या, नर-मादी-पिल्लू, आल्याची आणि गेल्याची वेळ, एवढंच लिहायचं. जुन्या शिकाऱ्याचं ज्ञान इथे सोन्यासारखं उपयोगी पडतं. गव्याचा खूर आणि म्हशीचा खूर ओल्या मातीत ओळखणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांना घेऊन जा, विचारा, लिहून घ्या.

डुकरांबद्दल स्पष्ट सांगतो, कारण उसाच्या पट्ट्यात हा विषय निघतोच. कायद्यातल्या ‘शिकार’ या व्याख्येत मारणं, पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाकणं आणि यातला नुसता प्रयत्नही येतो. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी कलम ११ खाली अधिकृत अधिकारीच लेखी देऊ शकतो, आणि मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता असतं, वाटे घालायचे नसतात. नुकसान झालं तर ३ दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात तक्रार द्या, पंचनाम्याआधी शेत नांगरू नका, फोटो काढून ठेवा. कुंपणात सोडलेला करंट आणि बांधावरचा क्लचवायरचा फास माणूस, कुत्रं, बिबट्या असं काही बघत नाही. फास दिसला तर हॅलो फॉरेस्ट, १९२६.

आडवाट_कोल्हापूर

तिघांचेही आभार. बंदूक आणि शिंगांचं राहिलं. बंदूक जुनी दुनळी आहे, परवानाधारक सत्तरीच्या पुढचे, आणि मुलाला ती ठेवायची आहे. काडतुसं मिळाली तर चालवून बघावी का?

उत्तर: बारा_बोर

चालवून बघू नका, आधी तपासा. जुन्या विलायती दुनळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, पुष्कळदा ६५ मिमीचं असतं आणि आजची काडतुसं साधारण ७० मिमीची. काडतूस आत बसतं, म्हणून लोक फसतात. हे माप उडालेल्या काडतुसाचं असतं. बार झाला की त्याचं तोंड उलगडून नळीच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब एकदम वाढतो. नळीवर पिळाची नक्षी दिसत असेल तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. आजची काडतुसं तिच्यात भरूच नयेत. चेंबरचं माप नळीखालच्या शिक्क्यांजवळ कोरलेलं असतं. शिक्के पुसले असतील तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या.

ठेवताना चामडी किंवा कॅनव्हासच्या खोळीत ठेवू नका. गगनबावड्याच्या पावसात खोळ ओल धरते आणि नळीला आतून खड्डे पडतात. हलका तेलाचा हात देऊन तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात मुरून ते मऊ पडणार नाही.

उत्तर: कागद_पत्र

बंदूक: शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आपल्याकडे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. वारसाला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, बाकी वारसांची लेखी संमती जोडा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका आणि परवान्याची मुदत ५ वर्षं. नवा परवाना हातात येईपर्यंत बंदूक मुलाने एकट्याने बाळगायची नाही. धारकाचं निधन झालं तर ती घरात ठेवू नका. लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

शिंगं: आधी मालकी प्रमाणपत्र शोधा. नोंद करायची शेवटची मोठी संधी २००३ मध्ये १८० दिवसांची होती. प्रमाणपत्र असेल तर वारसाने ९० दिवसांत कळवायचं असतं. ठेवायची नसतील तर वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीतल्या कलम ४२अ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाकडे स्वेच्छेने जमा करता येतात. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्रच नसेल तर विकू नका, भेट देऊ नका, जाळून टाकू नका. वकील सोबत घेऊन उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी कळवा.

उत्तर: माग_काढणारा

मुलाला नेमबाजीचीच ओढ असेल तर दुनळीच्या नादापेक्षा त्याला १० मीटर एअर रायफलवर घाला. कोल्हापूरइतकी त्याला पोषक जागा कमी असेल: तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून नेम) विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला. एअर रायफलचा छरा ४.५ मिमीचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पण एअरगन घेऊन पाखरांवर नेम धरला तर तीही कायद्याने शिकारच, हे त्याला पहिल्या दिवशी सांगा.

वडिलांनाही रेंजवर न्यायचं असेल तर चष्म्याचं बघा. दुहेरी चष्मा काढून ठेवायचा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडून लांबच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ वाढवून नेमाच्या डोळ्यासाठी एकेरी काच करून घ्यायची. मागे बारीक छिद्राची साइट असली की माशी पुन्हा स्वच्छ दिसते, लक्ष्याची कड किंचित मऊ राहते. ती तशीच राहू द्यायची. वर कानाला प्लग आणि मफ दोन्ही लावा, शेजारच्या लेनवर ०.२२ चालू असेल तर तेही लागतात.