वजन उतरवायला घरची भाकरी-उसळ पुरते, डाएटची पाकिटं कशाला?

सिडकोकर
काल नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानात शेजारचा मुलगा भेटला. 'वजनासाठी' म्हणून मल्टीग्रेन बिस्किटं, मसाला ओट्स, ज्यूसचे खोके आणि प्रोटीन बार घेत होता. बिल बाराशेच्या वर. अंबडला पहिलीच नोकरी, पगार तो काय असणार! जीव तुटला, म्हणून हे लिहितोय.

गेल्या दिवाळीत माझं वजन ८६ किलो होतं, आज ७८ आहे. यातली एकही वस्तू घरात आली नाही. सकाळी वाटीभर मोडाची मटकी, वर कांदा-टोमॅटो. दुपारच्या डब्यात दोनऐवजी एकच नागलीची (म्हणजे नाचणीची) नाहीतर बाजरीची भाकरी, भाजी दुप्पट, सोबत ताक. रात्री साडेसातला मुगाची खिचडी किंवा पिठलं आणि अर्धी भाकरी. चहा दोनदा, बिनसाखरेचा. संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानाला फेऱ्या.

१०० ग्रॅम कोरड्या मटकीत २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. आणि बिस्किटाच्या पाकिटावर घटक वाचा. जे सर्वांत जास्त ते आधी छापायचं असा नियम आहे. मी काल उलटून पाहिलेल्या तिन्ही पाकिटांवर पहिला शब्द मैदा होता. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्या दारात येते, ती सोडून हे कशाला?

सातची_बस
दादा, आठ किलो उतरवलेत, मनापासून अभिनंदन. पण तुमच्या लिखाणात एक माणूस दिसत नाही. भाकरी कोण थापतं?

मी सातपूरला नोकरी करते. सातला बस पकडायची तर पाचला उठून दोन मुलांचे, नवऱ्याचा आणि माझा असे चार डबे भरते. आमच्याकडे सगळ्यांना चपात्या लागतात. माझ्या एकटीसाठी नागलीची उकड काढून भाकरी थापायची, म्हणजे आणखी वीस मिनिटं कुठून आणू? ती माझ्या झोपेतूनच जातात. वर्षभर मी तेच केलं आणि दुपारी थकून जे समोर येईल ते खाल्लं. आता साधे ओट्स दुधात शिजवते, वर एक फळ चिरते, दहा मिनिटांत पोट भरतं. पाच महिन्यांत चार किलो कमी झालं. ओट्समध्ये जो विरघळणारा चोथा, म्हणजे फायबर, असतो, त्याने कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे सिद्ध झालेलं आहे. ते परक्या देशातलं धान्य म्हणून नावं ठेवू नका. 'घरचं खा' हा सल्ला देताना ते घरात कोण करणार हेही लिहायला हवं.

पंचवटी_७२
ताईंना अनुमोदन, आणि एक वेगळा आक्षेप. भाकरीत जादू नाही. बाजरी, गहू, तांदूळ, कुठलंही धान्य घ्या, १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी. चपातीची कणीक न चाळता घेतली तर चोथाही बाजरीच्या जवळपासच मिळतो. सिडकोकरांचं वजन उतरलं ते दोनाची एक भाकरी झाली म्हणून.

आपल्याकडे 'घरचं, नैसर्गिक' म्हटलं की हात सैल सुटतो. माझंच सांगतो. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, त्यावर कच्चं तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि मी दोन चमचे ओतायचो. मूठभर बेदाणे येता-जाता तोंडात. ताजी द्राक्षं १०० ग्रॅमला सत्तरेक कॅलरी, तीच वाळली की ३००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींचं जे ताट सांगितलंय, त्यात तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. आपल्या घरी महिन्याला तेलाचे किती डबे लागतात ते माणशी भागून बघा. रविवारची तर्रीदार मिसळ मी सोडलेली नाही. मात्र तर्री वेगळी मागतो, पाव एक, आणि मटकी जास्त.

निफाडची_बाग
बेदाण्याचं बरोबर आहे, पण हंगामात द्राक्षांना घाबरू नका. जानेवारी ते एप्रिल मधल्या वेळेला वाटीभर खा, रस काढून नको. ज्यूसचे खोके घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. उपवासाचंही बघा. साबुदाण्यात निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळपास नाहीत, वर दाण्याचा कूट आणि तूप. आमच्या आईने सोमवारी भगर आणि ताक सुरू केलंय.

आजोबा_गंगापूररोड
एक काळजीची गोष्ट. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी हे वाचून रात्रीची भाकरी परस्पर अर्धी करू नये. साखर एकदम खाली जाते. मला पहाटे दरदरून घाम फुटून उठवावं लागलं होतं. आधी डॉक्टरांकडून गोळीचं प्रमाण ठरवून घ्या, मग ताटाचं.

सिडकोकर
आजोबा, हे मी लिहायलाच हवं होतं. ताई, तुमचं म्हणणं लागलं आणि पटलं. मटकी मी भिजवतो, ताक मी करतो, पण आठ महिने भाकरी बायकोनेच थापली. ती पहाटे किती वाजता उठते हे आज तिला विचारलं. पावणेपाच. उद्यापासून भाजी चिरून, फोडणी घालून मी देणार, आणि रविवारी भाकरी शिकणार.

पण पाकिटांबद्दलचं मत बदलत नाही. साधे ओट्स ठीक, मसाला ओट्स नाही. पाकीट उलटून त्यातलं मीठ बघा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात.

सातची_बस
ओट्स मी सोडणार नाही, दादा. मसाल्याचे मुलांसाठी आणते, त्याचं पाकीट आता समोर ठेवलंय. वहिनींना विचारून सांगा, नागलीचं पीठ आदल्या रात्री उकडून ठेवलं तर सकाळी भाकरी चिरते का?