बोटीच्या बिडाच्या कीलवर पुन्हा गंज. सँडब्लास्टिंग आत्ता करू की दसऱ्यानंतर?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझ्याकडे एक जुनी फायबरची शिडाची बोट आहे. आठ महिने ती मांडव्याच्या बाजूला समुद्रात असते, पावसाळ्यात ट्रेलरवर घालून पुण्याला आणतो. सध्या पिरंगुटला मित्राच्या शेडमध्ये आहे. तिचा कील, म्हणजे तळाखाली बोल्टांनी आवळलेला माशाच्या परासारखा वजनाचा भाग, शिशाचा नाही, बिडाचा आहे. सगळं दुखणं तिथेच.

गेल्या जुलैत ग्राइंडरला वायर ब्रश लावून मी तो चकचकीत केला. अंधार पडला म्हणून प्रायमर दुसऱ्या दिवसावर टाकला. सकाळी बघतो तर सगळीकडे तांबूस झाक. पुन्हा ब्रश फिरवला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, खड्डे गाडीच्या डेंटिंगवाल्याकडच्या लांबीने भरले आणि वरून शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो तांब्याचा रंग. यंदा मे महिन्यात बोट वर काढली तर कीलभर रुपयाएवढे फोड! एक नखाने दाबला, काळं पाणी आलं. लांबी ओल्या खडूसारखी सुटली.

भोसरीतला एक ब्लास्टिंगवाला (दाबाच्या हवेने वाळूसारखे कण मारून गंज उडवणारा) म्हणतो, लगेच आणा. पण इथे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. थांबू का? आणि लांबीऐवजी काय भरू? ही बोट मला मनापासून टिकवायची आहे.

प्रतिसाद १

थांबा. मी टाक्यांच्या कोटिंगच्या कामात आहे, हे रोज बघतो. वायर ब्रशने बीड नुसतं चमकतं, खड्ड्यातलं मीठ तिथेच राहतं आणि तेच रंगाखाली पाणी ओढतं. आधी गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा, ब्लास्ट करा, परत धुवून वाळवा आणि पुन्हा हलका ब्लास्ट मारा. दर्जा एसए 2.5 मागा, म्हणजे गंज जाऊन जवळपास स्वच्छ उघडा धातू. इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात त्याच दिवशी, काही तासांत बसला पाहिजे. त्या वेळी हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी आणि बिडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान 3 अंश सेल्सिअस जास्त. पुण्यात ऑगस्टमध्ये हे जमवणं कठीण, दसऱ्यानंतर सोपं.

गाडीची लांबी पॉलिस्टरची, ती पाणी पिते. इपॉक्सी पुट्टी घ्या, तीही प्रायमरवर, उघड्या बिडावर नको. वर इपॉक्सीचे आणखी तीन-चार हात द्या. तांब्याचा रंग बिडाला थेट टेकला तर खाऱ्या पाण्यात बीडच झिजतं.

आणि बोल्ट बघितलेत का? कील तळाला जिथे मिळतो तिथे गंजाचे ओघळ असतील तर रंगाचं नंतर बघू.

धागाकर्ता

दादा, खूप आभार. ब्लास्टिंगवाल्याला थांबायला सांगतो. तुमचं वाचून आत्ताच टॉर्च घेऊन शेडमध्ये जाऊन आलो. सांध्याला मागच्या बाजूला वीतभर तपकिरी ओघळ आहे, पुसला तरी बोटाला ओल लागते. उद्या उजेडात फोटो टाकतो. तो बोल्ट काढायचा तर कीलला खालून टेकू कसा द्यायचा, तेवढं सांगाल का?