मदत हवी आहे: लॅपटॉप गरम नाही, तरी प्रोसेसर ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकतो

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमच्या ऑफिसात एक लॅपटॉप आहे: दहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११. काम टॅली आणि एक्सेलचंच. अलीकडे सुरू केल्यावर थोड्याच वेळात प्रोसेसरचा वेग ०.७९ गिगाहर्ट्झवर येतो आणि तिथंच थांबतो. साधी एक्सेल शीट उघडायलाही जीव जातो. तापमान मात्र ५५ अंशांच्या आसपासच.

शेजारी फाउंड्री आहे, त्यामुळे पंख्यात काळी बारीक धूळ बसायचीच. ती साफ करून थर्मल पेस्ट बदलली. बायॉस अपडेट आणि विंडोज नव्यानं टाकणं, दोन्ही झालं. पॉवर प्लॅनमध्ये कमाल वेग १०० टक्के आहे. मूळ चार्जर, नुसती बॅटरी, बॅटरी काढून नुसता चार्जर, सगळं करून पाहिलं. फरक शून्य. (व्हायरस नाही, तेही तपासलंय.)

थ्रॉटलस्टॉपमध्ये (प्रोसेसरचा वेग पाहायचं-बदलायचं सॉफ्टवेअर) 'बीडी प्रोचॉट' लाल दिसतं, म्हणजे मदरबोर्डवरचा दुसरा कुठला तरी भाग 'तापलंय, वेग कमी कर' असा सिग्नल प्रोसेसरला देतोय. त्याची टिक काढली की वेग लगेच ३ गिगाहर्ट्झच्या वर, तापमान ७८ पर्यंत. रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच रडगाणं.

प्रोसेसरचं स्वतःचं संरक्षण टिक काढली तरी चालू राहतं, हे माहीत आहे. पण मदरबोर्डवरचा दुसरा एखादा भाग खरंच तापत असेल तर? जीएसटी रिटर्नची २० तारीख होईपर्यंत मशीन दुरुस्तीला देता येत नाही. तोवर टिक काढून वापरणं सुरक्षित आहे का? आणि हा खोटा सिग्नल नेमका कोणत्या सेन्सरकडून येतोय, हे घरच्या घरी कसं शोधायचं?