अर्धी गोळी लिहिताय? आधी पट्टी बघा

सातपूरची_लेक
काल पंचवटीकर काकांनी इथे लिहिलं: "अर्ध्या गोळीचा उगाच बाऊ करतात. जास्त पॉवरची घ्या, मधोमध कापा, महिना निम्म्या पैशात निघतो. आईच्या गोळ्या दहा वर्षं अडकित्त्याने कापतोय, काही झालं नाही. डॉक्टर स्वतः अर्धी लिहून देतात, मग भीती कसली?"

शेवटचं वाक्य वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. डॉक्टरांनी अर्धी लिहिली, म्हणूनच माझे वडील गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या दारात कोसळले.

बीपीसाठी त्यांना निफेडिपिन रिटार्ड 20 होती, सकाळ-संध्याकाळ. पाय सुजायला लागले म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला. कमी कसा केला? तेच नाव, तोच 20 चा आकडा आणि पुढे ½-0-½, म्हणजे सकाळी अर्धी, दुपारी नाही, संध्याकाळी अर्धी. रिटार्ड गोळी औषध तासन्‌तास हळूहळू सोडते, तिच्या नावातच ते आहे. मोडली की तो हिशोब मोडतो आणि औषध एकदम अंगात उतरतं. तिसऱ्या दिवशी गोळी घेऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल. चेहरा लाल, छातीत धडधड, उभे राहिले आणि पडले. मनगट मोडलं. दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही कापून देत होतात?"

10 ची रिटार्ड बाजारात मिळते. लिहिणाऱ्याने ती लिहिली नाही, देणाऱ्याने विचारलं नाही, आणि कापली मी, माझ्या हाताने. काका, तुमची पोस्ट वाचून आज किती घरांत सुरी निघाली असेल?

पंचवटीकर_काका
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण एका गोळीवरून सगळ्या गोळ्यांना दोष देऊ नका. माझी आई 84 वर्षांची आहे. दोघांची औषधं माझ्या पेन्शनमधून येतात. 500 ची पट्टी आणि 1000 ची पट्टी यांच्या किमतीत दुपटीचा फरक नसतो, हे काउंटरवर उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. पैसे वाचवणं हा गुन्हा नाही. आणि कमी पॉवरची गोळी दर वेळी मिळते कुठे? "उद्या या" ऐकून तीन दुकानं हिंडून बघा.

सिडको_ओपीडी
मी जनरल प्रॅक्टिस करतो, त्यामुळे बोलणं भाग आहे. सातपूरच्या ताई, तुमच्या वडिलांच्या बाबतीत चूक झाली, ती मी झाकणार नाही. पण "अर्धी लिहिणारा डॉक्टर निष्काळजी" असा सूर लावू नका. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड हळूहळू कमी करताना अर्धी लिहावीच लागते. हृदयाच्या डिगॉक्सिन 0.25 ची अर्धी आम्ही वर्षानुवर्षं देतोय. साध्या, मधे रेघ असलेल्या गोळीला काही होत नाही.

आणि औषध हळूहळू सोडणारी प्रत्येक गोळी कापायची नाही, हेही अर्धसत्य आहे. पट्टीवर ईआर, एमआर, एसआर, एक्सआर असं काहीही असलं तरी ती त्याच जातीची. हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या ईआर गोळीवर बऱ्याचदा रेघ असते. आत बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं आवरण. रेघेवर मोडली तर चालते, कुटायची किंवा चावायची मात्र नाही. शुगरची ग्लिक्लाझाइड एमआर 60 सुद्धा अर्धी करण्यासाठीच बनवलेली मिळते. तुमचं वाचून उद्या कुणी हृदयाची गोळी बंद केली तर जबाबदार कोण?

सातपूरची_लेक
मेटोप्रोलॉलचं मला माहीत नव्हतं. मान्य. पण डॉक्टरसाहेब, ही माहिती तुमच्या डोक्यात आहे, कागदावर कुठे आहे? रुग्णाला दोन्हीकडे ½ एवढंच दिसतं. कुठला ½ धोक्याचा, ते त्याने ओळखायचं?

काउंटरवाला_नाशिकरोड
बावीस वर्षं काउंटरला आहे. घात होतो तो जोडगोळीत. शुगरची दोन औषधं, ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500 एसआर, एकाच गोळीत, दोन थर. शुगर खाली जायला लागली की चिठ्ठीवर "अर्धी" येते. कमी करायची असते ग्लिमेपिराइड, पण मेटफॉर्मिनचा डोसही निम्मा होतो आणि एसआर थर मोडतो तो वेगळाच. ग्लिमेपिराइड 1 आणि 500 एसआर अशी तयार गोळी माझ्या फडताळात समोर असते. ती लिहायला किती वेळ लागतो? मी फोन केला तर "लिहिलंय ते द्या" म्हणून फोन ठेवतात.

एक चूक माझीही सांगतो. बीपीच्या अ‍ॅटेनोलॉल 50 ची अर्धी लिहिली होती. 50 संपली होती, म्हणून 25 दिली आणि तोंडी सांगितलं, पूर्ण घ्या. घरी सुनेने कागद बघितला, कागदावर अर्धी. तीन आठवडे म्हातारी 25 ची अर्धी घेत होती. तेव्हापासून पाकिटावर मिलिग्रॅम मी स्वतः लिहितो. 2016 पासून डॉक्टरांना नियम आहे, नाव जेनेरिक, म्हणजे ब्रँडचं नाही तर औषधाचं, आणि वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं. माझ्याकडे आजही 1/2 असं येतं की पोराने ते "एक ते दोन" वाचलं होतं.

आणि ग्राहकांनी पट्टी कापून मागणं बंद करावं. चार गोळ्या द्या, तीन द्या. उरलेला तुकडा गोळे कॉलनीतला होलसेलवाला परत घेत नाही, नुकसान आमचं.

इंदिरानगर_गृहिणी
पट्टीचा विषय काढलात तर ऐका. मुलाला पाच दिवसांचं औषध होतं आणि पंधराची पट्टी गळ्यात मारली. उरलेल्या दहा कपाटात पडून. त्यातलीच एक सासूबाईंनी स्वतःच्या मनाने घेतली. याला जबाबदार कोण?

काउंटरवाला_नाशिकरोड
मी कापून दिली असती तर तारीख आणि बॅच दुसऱ्या तुकड्यावर गेली म्हणून तुम्हीच भांडला असता.

इंदिरानगर_गृहिणी
बिलावर लिहून द्या ना! बिल मागितलं की तोंड वाकडं करता. तारीख बिलावर, बॅच बिलावर, प्रश्न मिटला.

देवळाली_कॅम्प_76
सगळे केमिस्ट सारखेच. लुटायला बसलेत.

काउंटरवाला_नाशिकरोड
तोंड सांभाळून. कोविडमध्ये तुमच्यासाठी रात्री दोनला शटर वर केलंय. "लुटायला बसलेत" म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

सिडको_ओपीडी
पट्टी कापण्याचा आणि गोळी कापण्याचा काय संबंध? विषयावर या.

इंदिरानगर_गृहिणी
संबंध आहे, डॉक्टर. एसआर, एक्सआर, रिटार्ड हे पट्टीवरच छापलेलं असतं ना? चार गोळ्यांचा तुकडा हातात दिला तर त्यावर नावही अर्धवट येतं. मग कापायची की नाही हे आम्ही कशावरून ठरवायचं?

काउंटरवाला_नाशिकरोड
हा मुद्दा बरोबर आहे. पण पंधराच्या पट्टीचा राग माझ्यावर काढू नका, पट्टी मी बनवत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी
मी शेतकरी, औषधातलं कळत नाही. पण बागेत जीए, म्हणजे द्राक्षमणी फुगवायचं संजीवक, पीपीएममध्ये मोजून देतो. थोडं जास्त झालं तर घडाचं वाटोळं, म्हणून काटा आणलाय. आणि घरात आईची गोळी डोळ्याच्या मापाने कापत होतो. एक तुकडा मोठा, एक बारीक, भुगा ताटलीत. लाज वाटली आज.

फार्मसी_शिकवते
दादा, तुम्ही नेमकी जागा पकडलीत. रेघ आहे म्हणजे दोन्ही भाग सारखे, असंही गृहीत धरता येत नाही, ते तपासावं लागतं. युरोपियन फार्माकोपिया, म्हणजे तिकडचा औषधांच्या दर्जाचा ग्रंथ, त्यातल्या चाचणीत 30 गोळ्या मोडून प्रत्येकीचा एकेक तुकडा तोलतात. सरासरीच्या 85 ते 115 टक्क्यांबाहेर एकच तुकडा गेलेला चालतो, 75 ते 125 च्या बाहेर एकही नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनेही 2013 मध्ये रेघेच्या गोळ्यांसाठी कंपन्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. आपल्याकडे काही गोळ्यांवरची रेघ नुसती नक्षी असते, असं मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते.

काका, 1000 ची मेटफॉर्मिन एसआर मोठी असते, गिळवत नाही, म्हणून खूप घरांत कापतात. काहींना शौचात गोळीचं रिकामं कवच दिसतं आणि वाटतं, विरघळलीच नाही, कापून देऊ. ते कवच तसंच बाहेर पडतं, औषध आत गेलेलं असतं. 500 च्या दोन गिळणं सोपं. गॅसची पँटोप्राझोल तर मोडूच नका, आवरण गेलं की पोटातलं आम्लच ती खाऊन टाकतं. बीपीच्या टेल्मिसार्टनचा उरलेला अर्धा तुकडा डबीत ठेवला की ओल धरतो, आपल्या पावसाळ्यात तर लगेच. आणि केसांसाठी फिनास्टेराइड 5 चे चार तुकडे करणारे तरुण आहेत. घरात बाई गरोदर असेल तर तिने त्या तुकड्यांना आणि भुग्याला हातही लावू नये, पोटातल्या मुलाला धोका असतो.

सिडको_ओपीडी
ठीक आहे. आजपासून अर्ध्याच्या पुढे मिलिग्रॅम लिहीन आणि जोडगोळी अर्धी करणार नाही. पण साठ पेशंटच्या ओपीडीत प्रत्येक ब्रँडची रेघ मला पाठ असावी, ही अपेक्षा रास्त नाही. केमिस्टने फोन करावा.

काउंटरवाला_नाशिकरोड
उचला म्हणजे झालं.

सातपूरची_लेक
रेघ पाठ नसेल तर अर्धी लिहू नका, कमी पॉवरची लिहा. माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच आहे.

पंचवटीकर_काका
आईची पट्टी आत्ता चष्मा लावून वाचली. 1000 एसआर आहे. रेघही नाही. उद्या सकाळी डॉक्टरांना विचारतो आणि जनऔषधीत 500 ची बघतो. कालची पोस्ट काढलेली नाही, पण खाली ही चर्चा जोडली आहे. पैशांचा मुद्दा मी सोडलेला नाही.

इंदिरानगर_गृहिणी
आणि पट्टीचं काय ठरलं?