पंधराशे घेता ना, मग झाडू मारा?

वैशाली_जालना
काल एकाने लिहिलं: "लाडक्या बहिणींना फुकट पंधराशे कशाला? महिन्यातून आठ दिवस गावाची झाडलोट करायला लावा, मग पैसे द्या." खाली नुसत्या टाळ्या. रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून लिहितेय.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. पाटीत धाकटा मामा, दुपारी सुकडी. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. पण त्यात 'मागेल त्याला काम' होतं. बंधन सरकारवर होतं, बाईवर नव्हतं. तुम्ही ते उलटं फिरवताय. आणि हिशेब तरी करा. रोहयोचा २०२५-२६ चा रोज ३१२ रुपये. पंधराशेचे पाच दिवससुद्धा भरत नाहीत, तुम्ही आठ मागताय. म्हणजे किमान मजुरीही द्यायची नाही?

सुहास_ठाणे
ताई, रोहयोचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर लागला. आजही माझ्या पगारातून वर्षाला अडीच हजार जातात. तेव्हा निदान रस्ते, पाझर तलाव झाले. पंधराशेतून काय उभं राहिलं? माझ्या आईने ब्लाऊज शिवून आम्हा तिघांना शिकवलं, कुणापुढे हात पसरला नाही. सरकारी नोकरीतल्या बायकांनीही हप्ते घेतले, हे सरकारनेच शोधून काढलं.

शेतकरीपुत्र_परभणी
शहरवाल्यांचं सोडा. इथं मजूर मिळत नाही! ऑक्टोबरात सोयाबीन काढून पडलेलं, वर आभाळ भरलेलं. तीन वाड्या-वस्त्या फिरलो, एक बाई आली नाही. शेवटी मी, बायको आणि म्हातारी आई, रात्री दोनपर्यंत गंजीवर ताडपत्री ओढत होतो. पंधराशे सुरू झाल्यापासून रानात कुणी येत नाही.

मंगल_पाथरी
दादा, रोज काय देता ते लिहा ना. लाजू नका.

शेतकरीपुत्र_परभणी
बाईला तीनशे, गड्याला पाचशे. सगळीकडे हाच भाव आहे.

मंगल_पाथरी
एकाच पाथीवर दोघं वाकतात. वरून बाई घरचं पाणी भरून, भाकरी थापून आलेली असते. मी वीस वर्षं रानात गेलेय, मला शिकवू नका. पंधराशे म्हणजे दिवसाचे पन्नास. पन्नास रुपयांवर कोण घरी बसतं? बाई तुमच्या रानात येत नाही, कारण दुसरीकडे तिला पन्नास जास्त मिळतात.

शेतकरीपुत्र_परभणी
गडी पोती उचलतो म्हणून पाचशे! सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८, मी बेचाळीसशेनं घातलं. कुठून देऊ? तुमच्यासारख्यांनीच मजूर डोक्यावर चढवून ठेवलेत.

मंगल_पाथरी
'डोक्यावर चढवले' म्हणू नका. मी मजूरच आहे. पीएम किसानचे सहा आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा, वर्षाला बारा हजार तुमच्या घरात येतात. त्यासाठी कुणी तुम्हाला गावाची गटारं काढायला लावली?

शेतकरीपुत्र_परभणी
शेतकऱ्याशी बरोबरी नको. आम्ही पिकवतो तेव्हा तुम्ही खाता.

वैशाली_जालना
आणि पिकवायला वाकतं कोण? सुहासजी, अपात्रांना खुशाल काढा, माझी हरकत नाही. पण अट वाढली की आधी कोण गळतं ते बघा. ईकेवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला. माझी शेजारीण विधवा, वडील कधीच गेले. सेतू केंद्रात चार खेपा घातल्या, दर खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली. रोहयोवर तर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी. आमच्या पाझर तलावावर रेंज नव्हती, सहा बायांचे तीन दिवस बुडाले. घाम गाळूनही. उद्या झाडलोटीची हजेरी कोण लावणार? सरपंचाचा पुतण्या?

सुहास_ठाणे
हजेरीचं पटलं. पाच दिवसांच्या पैशांत आठ दिवस काम मागणंही चूक, तेवढं मागे घेतो. पण काहीच न करता पैसे, हे मला पटणार नाही. आई आज असती तर तिलाही पटलं नसतं.

मंगल_पाथरी
तुमच्या आईला तेव्हा महिन्याला थोडे पैसे मिळाले असते, तर तिने शिवण थांबवली असती का? मशीनचं तेल, दोरा, तुमच्या वह्या आणल्या असत्या.

सुहास_ठाणे
आईला मध्ये आणू नका.

मंगल_पाथरी
तुम्हीच आणली.

शेतकरीपुत्र_परभणी
बायकोनं हे सगळं वाचलं. पीएम किसान आणि नमो तिच्याच नावावर आहे, त्याचे महिन्याचे हजार वजा करून तिलाही लाडक्या बहिणीचे पाचशे येतात. ती म्हणते बाईचा रोज वाढवा. पुढच्या हंगामात साडेतीनशे देईन. पाचशेचं मात्र कुणी बोलू नका, परवडत नाही.