मदत हवी आहे : माकडांच्या कळपातील हर्पिस बी तपासणीचा संदिग्ध निकाल

नमस्कार. मी एका प्राणिगृहात पशुवैद्यक असून, ऱ्हिसस माकडांचा प्रजननासाठीचा कळप हर्पिस बी, सिमियन रेट्रोव्हायरस आणि एसटीएलव्ही-१ या तीन विषाणूंपासून मुक्त ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.

अडचण हर्पिस बीची आहे. हा विषाणू चेतापेशींमध्ये सुप्त राहतो आणि लाळेतून अधूनमधूनच बाहेर पडतो. त्यामुळे तोंडातील स्वॅबची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून जनावर निर्धोक ठरत नाही आणि मुख्य भिस्त रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा चाचणीवरच ठेवावी लागते. सिमियन रेट्रोव्हायरसच्या बाबतीत काही माकडांच्या रक्तात विषाणू असूनही प्रतिपिंडे सापडत नाहीत, म्हणून तिथे आम्ही दोन्ही चाचण्या करतो.

आता एका तरुण मादीचा एलायझा संदिग्ध आला आहे. केटामाइन हे भुलीचे औषध देऊन मांडीच्या शिरेतून पुन्हा रक्त घेतले, तर वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडांची खातरजमा करणाऱ्या चाचणीत) एकच पुसट पट्टा दिसला, म्हणजे निकाल पुन्हा संदिग्धच. तिच्या अंगावर पिणारे पिल्लू आहे आणि त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असू शकतात, म्हणजे त्याच्या तपासणीवरही आज विसंबता येत नाही. (कागदोपत्री निगेटिव्ह माकडही आम्ही बाधित समजूनच हाताळतो, माणसातील हा संसर्ग उपचाराविना बहुधा प्राणघातक ठरतो.)

अशा वेळी आपण मायलेकरांना एकत्रच विलग ठेवता, की पिल्लाला लवकर अंगावरून तोडून वेगळे करता? पिल्लाची खात्रीलायक तपासणी कोणत्या वयात करता? आणि त्याच पिंजऱ्यातील इतर माद्यांची फेरतपासणी किती अंतराने व किती वेळा करता, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया कळवावे.