नवरा फायर ब्रिगेडमध्ये आहे, घरी गप्प गप्प असतो. काउन्सेलिंगला आधी कोणी जायचं?

दाराशी_जागी

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा नवरा फायर ब्रिगेडमध्ये आहे, १४ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत वाईट वर्द्या काही कमी नाही आल्या, पण दोन-चार दिवस गप्प राहायचा आणि मग आपोआप रुळावर यायचा, त्यामुळे मीही कधी फार विचार केला नाही. पाच महिन्यांपूर्वी एका इमारतीला आग लागली होती, त्यातनं एक लहान मुलगी यानेच बाहेर आणली. वाचली नाही. आमची लेक तेवढ्याच वयाची. मला एवढंच माहितीये आणि तेही त्याच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं, यानं स्वतः आजवर एक शब्द काढलेला नाही.

तेव्हापासून माणूस घरात असून नसल्यासारखा आहे. ड्युटीवरनं येतो, गाडी खाली लावतो आणि वर यायला अर्धा अर्धा तास लावतो, मी खिडकीतनं बघते तर स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलेला. वर आला की कोपरापर्यंत हात धुतो, पुसतो, परत धुतो. आधी लेकीला दारातच उचलून घ्यायचा, आता डोक्यावरनं हात फिरवतो आणि आतल्या खोलीत निघून जातो. तिच्या खेळण्यातल्या बंबाचे सेल काढून कपाटावर ठेवलेत त्यानं, सायरन वाजतो म्हणून. रात्री दोन-अडीचला घामाघूम होऊन उठून बसतो, आणि हल्ली घेणंही वाढलंय.

त्यांच्याकडे एक काउन्सेलर येऊन गेला होता, सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून एकेकाला त्या दिवशी काय काय पाहिलं ते सांगा म्हणाला, हा तिथून सरळ उठून आला. आता मी काउन्सेलिंग शब्द काढला की 'मला वेड लागलंय का' म्हणून अंगावर येतो. खरी भीती दुसरीच आहे असं मला वाटतं, कागदावर काही आलं तर गाडीवरनं काढून टेबलावर बसवतील ही.

त्याला कसं तयार करू? की आधी मीच जाऊ? आणि लेकीला काय सांगू, ती विचारते बाबा माझ्यावर रागावलाय का.

मन_मोकळं

ताई, एक दिवस लेकीला कुणाकडे तरी ठेवा आणि त्यांना समोर बसवून सगळं बोलायला लावा. आत साठवून ठेवलं की माणूस असाच कुढत राहतो, एकदा पोटभर रडले की मोकळे होतील. माझा स्वभाव असाच आहे आणि मला तरी बोलूनच बरं वाटतं.

जुना_फायरमन

वरच्यांचा हेतू चांगला आहे पण वहिनी, कृपा करून हे करू नका. मी २८ वर्षं गाडीवर होतो, स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, आणि तुम्ही लिहिलंय तो हॉल मी पण पाहिलाय. घटना घडून आठवडासुद्धा झाला नव्हता, कुणीतरी समोर उभं राहून म्हणतंय की बोला, आणि माझ्या शेजारी बसलेला नवा पोरगा, ज्यानं त्या दिवशी फक्त पाइप धरला होता, त्याला माझ्या तोंडून वरच्या मजल्यावरचं सगळं ऐकावं लागलं. त्याच्या डोळ्यासमोर जे नव्हतं तेही आम्हीच त्याला दिलं. हे मला आजही खुपतं.

माझं म्हणाल तर मी सात वर्षं काहीच केलं नाही. बायकोनं कधी विचारलं नाही की काय झालं, ती एवढंच विचारायची की आज एकटं बसायचंय का मी बसू शेजारी. ते प्रश्न मला झेपायचे. शेवटी गेलो तो झोपेसाठी गेलो, डॉक्टरांना म्हणालो मला झोप लागत नाही, बाकी काही नाही, आणि तिथनं एकेक करत सगळं निघत गेलं. त्यामुळे 'काउन्सेलिंगला चल' म्हणू नका, 'झोपेचं काहीतरी बघू या' म्हणा. ते खोटं नाहीये, झोप खरंच गेलेलीच आहे.

आणि त्याच्या पाळीत एखादा तरी जुना माणूस असेल ज्याचं तो ऐकतो, त्याला गाठा. आमच्यात काय होतं, बाहेरच्यानं कितीही डिग्र्या मिळवल्या तरी 'याला काय माहीत धूर कसा असतो' असं मनात येतंच, पण ज्याच्या खांद्याला खांदा लावून आत गेलो तो म्हणाला की मी पण गेलो होतो रे डॉक्टरकडे, तर ती गोष्ट आत उतरते. टेबलावर बसवण्याची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. म्हणून पहिली भेट नोकरीशी संबंध नसलेल्या ठिकाणी घ्या आणि तिथे पहिलाच प्रश्न हा विचारा की इथलं बोलणं कुणाकुणाला कळतं.

समुपदेशन_करते

मी एका सामुदायिक समुपदेशन केंद्रात काम करते, पोलीस, फायर, अॅम्ब्युलन्स यांची घरं बरीच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो हॉलचा मुद्दा, कारण तुमच्या नवऱ्याला वाटत असेल की आपणच कमजोर म्हणून उठून आलो. तसं अजिबात नाही. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून सविस्तर बोलायला लावायची पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली, ते स्वतः फायरमन आणि पॅरामेडिक होते, हेतू अगदी आतड्यातला होता. पण एकाच बैठकीत असं बोलायला लावण्यावर जे प्रयोग झाले त्यांचा २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या आढाव्यात, निष्कर्ष असा निघाला की त्यानं पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा मानसिक आजार, टळत नाही, आणि एका प्रयोगात तर वर्षभरानंतर त्रास वाढलेला दिसला. ते प्रयोग बहुतेक अपघातग्रस्त वगैरे एकेकट्या लोकांवरचे होते, बचाव पथकांवरचे नव्हते, म्हणून गटात भेटणंच वाईट असं मी म्हणणार नाही. पण सक्तीनं, लगेच आणि तपशिलात बोलायला लावणं यापासून लांबच राहायचं. आता सुरुवातीच्या दिवसांत मानसिक प्रथमोपचार करतात, जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका आहे त्यावर, त्याचा गाभा तीन शब्दांचा: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे ना, त्याला आत्ता काय हवंय, आणि त्याला त्याच्या माणसांशी आणि योग्य मदतीशी कसं जोडायचं, बस. न विचारता खोदायचं नाही.

पण हे पहिल्या काही दिवसांचं झालं, तुमच्याकडे पाच महिने झालेत. पहिला महिनाभर झोप उडणं, दचकणं, सारखं तेच डोळ्यासमोर येणं हे खूप जणांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपसूक ओसरतं, म्हणूनच महिना उलटल्याशिवाय पीटीएसडी म्हणत नाहीत. तुम्ही जे लिहिलंय, रात्री घाबरून उठणं, सायरन टाळणं, लेकीपासून लांब राहणं, दारू, हे आता नीट तपासून घ्यायला हवं. इथे लिहून मी निदान करू शकत नाही, करणारही नाही. एक मात्र सांगते, लेकीला उचलून न घेणं हे प्रेम आटल्याचं लक्षण समजू नका. तिच्याकडे बघितलं की ती दुसरी दिसत असेल.

यावर उपचार आहेत आणि ते वर्षानुवर्षं चालत नाहीत. ट्रॉमावर, म्हणजे आघातावर बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची थेरपी, साधारण ८ ते १२ सेशन चालते, ईएमडीआर नावाची दुसरी पद्धत आहे त्यात तर सगळं तपशीलवार तोंडानं सांगावंही लागत नाही, जे आमच्याकडच्या पोलिसांना आणि फायरवाल्यांना त्यातल्या त्यात झेपतं. झोपेच्या गोळ्या मात्र मनानं, मेडिकलमधनं आणून सुरू करू नका, दारूबरोबर तर मुळीच नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आधी तुम्हीच जा. त्याला आणण्याची युक्ती म्हणून नाही, तुमच्यासाठी जा. तुम्ही पाच महिने खिडकीशी उभ्या आहात. आमच्याकडे बायका येतात तेव्हा पहिला अर्धा तास नवऱ्याबद्दलच बोलतात, मग मी विचारते तुम्ही किती झोपता, आणि खोलीत एकदम शांतता होते. जवळच्या माणसाचा आघात ऐकून, बघून, सांभाळून आपल्यालाही तसाच त्रास होऊ शकतो, त्याला दुय्यम आघात म्हणतात. जिथे कुटुंबीयांचा गट असेल असं केंद्र मिळालं तर फारच उत्तम.

आणि एक गोष्ट अवघड आहे पण विचारा. जगणं नको वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ शब्दांत. विचारल्यानं डोक्यात खूळ शिरतं ही समजूत चुकीची आहे, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. उत्तर हो आलं किंवा नुसता टाळाटाळीचा सूर जरी लागला तरी वाट बघू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी हेल्पलाइन किंवा हॉस्पिटल.

फोनच्या_अलीकडे

विषय थोडा बाजूला जातोय पण लिहितेच. मी कंट्रोल रूमला आहे, इमर्जन्सीचे फोन घेते. आम्ही काही पाहत नाही म्हणून आम्हाला काही होत नाही असं सगळ्यांना, अगदी घरच्यांनासुद्धा वाटतं. मी एका बाईला फोनवर सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते, सांगत होते, एक दोन तीन चार मोजत, अॅम्ब्युलन्स पोचली आणि तिनं फोन ठेवला. पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. लगेच पुढचा फोन वाजला, तो उचलला. घरी नवरा काही मोजायला लागला तरी माझ्या छातीत धडधडायचं. मला लाज वाटायची की मी तर खुर्चीवर बसलेले, माझं कसलं दुःख. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, कामाचा भाग म्हणून भयंकर तपशिलांना वारंवार सामोरं जाणं हेसुद्धा आघाताच्या व्याख्येत धरलंय हे मला माझ्या थेरपिस्टनं सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले, कुणीतरी मोजलं आपल्याला म्हणून.

ताई, तुमच्या नवऱ्याला जो माणूस त्या पत्त्यावर पाठवत होता त्याचीही आठवण काढा कधीतरी.

अॅम्ब्युलन्सवाल्याची_मुलगी

मी लेकीच्या प्रश्नाबद्दल लिहिते कारण तो मी स्वतः विचारलेला आहे, मी सहा वर्षांची असताना. मला सगळे सांगायचे काही नाही झालं, बाबा दमलेत. पण दमलेला माणूस झोपून उठला की ठीक होतो ना, बाबा होत नव्हते, मग मी ठरवलं की मी आवाज करते म्हणून त्यांना त्रास होतो. कितीतरी महिने घरात चवड्यावर चालायचे मी. कुणाच्या लक्षातही आलं नाही, उलट शहाणी झाली म्हणून कौतुक केलं.

तिला तपशील नका सांगू, पण खरं सांगा. बाबानं कामावर एक फार दुःखाची गोष्ट पाहिली, त्यामुळे त्याचं मन दुखावलंय, तू काहीही केलेलं नाहीस, तुला ते बरं करायचंही नाहीये, ते काम मोठी माणसं करतायत. एकदा सांगून भागत नाही, लहान मुलं तेच परत परत विचारतात, तितक्यांदा सांगा. शाळेत बाईंच्याही कानावर घाला. आणि जमलं तर बाबा-लेकीचं एक अगदी छोटं काम ठरवून द्या ज्यात जवळ घ्यावं लागत नाही, शेजारी बसून चित्र रंगवणं, झाडाला पाणी घालणं असलं काहीतरी. माझे बाबा आणि मी सायकल पुसायचो. एक शब्द न बोलता.

मन_मोकळं

वरचं सगळं वाचलं. ताई, माझा सल्ला मागे घेते. मला कुणी आघातावर बोलायला लावलं नव्हतं, मी मनानं बोलले होते, हा फरक लक्षातच आला नव्हता माझ्या.

दाराशी_जागी

तीन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला हवं होतं पण हातच धजेना.

मी गेले. नोकरीशी संबंध नसलेल्या केंद्रात, दोनदा जाऊन आले. पहिल्याच भेटीत विचारलं की इथलं कुणाला कळतं, तर त्यांनी लेखी कागद दिला, कुणाच्या जिवाला धोका असेल आणि अशाच एक-दोन अपवादांत बाहेर सांगावं लागतं, एरवी नाही. तो कागद मी घरी टेबलावर ठेवला, मुद्दाम नाही, ठेवला गेला. समुपदेशन_करते, तुम्ही म्हणालात तेच झालं, मला झोपेचं विचारलं आणि मला उत्तरच देता येईना.

तो सरळ प्रश्नही विचारला, गाडीत, शेजारी बसून, त्याच्याकडे न बघता. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला जीव द्यावासा नाही वाटत, पण त्या खोलीत आधी डावीकडे का वळलो हे डोक्यातनं जात नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा बोललेलं वाक्य. मी पुढे काही विचारलं नाही, फार जड गेलं पण नाही विचारलं.

लेकीला सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं बँडेज कुठे लावायचं. रोज विचारते.

काल त्यानं तो कागद उचलून वाचला, तिथे अजून कोण कोण येतं विचारलं. मी म्हटलं पोलीस येतात, नर्स येतात, तुझ्यासारखे दोघं आहेत. त्यावर काही बोलला नाही. बंबाचे सेल अजून कपाटावरच आहेत. त्याच्या पाळीतले एक जुने दादा रविवारी घरी येतायत, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. आता केंद्रातल्या बाई म्हणतायत की झोपेसाठी म्हणून एक भेट ठरवू या. या आठवड्यात त्याला रात्रपाळी आहे. आत्ता सांगू का पाळी बदलल्यावर?

जुना_फायरमन

पाळी बदलू द्या वहिनी. दोन रात्री घरची झोप, जेवढी लागेल तेवढी, होऊ द्या, मग तिसऱ्या दिवशी सकाळी सांगा. आणि रविवारी दादा आले की तुम्ही लेकीला घेऊन तासभर बाहेर जा, त्या दोघांना काहीतरी हाताला काम देऊन. आमची माणसं समोरासमोर बसून नाही बोलत, पाना-स्क्रू हातात असला की बोलतात.

दाराशी_जागी

बाल्कनीचं दार कधीचं घासतंय. तेच देते.